रुईवरचा बिबळ्या कडवा : जीवनक्रमाच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

आठवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा पावसाळी प्रकल्प आज निश्चित झाला. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे, शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या पडीक जागेत रुईची बरीच झुडपे माजली आहेत आणि त्यांच्यावर बिबळ्या कडवा या फुलपाखराचा वावर जवळजवळ वर्षभर असतो. इंग्रजीत याला प्लेन टायगर म्हणतात. शास्त्रीय नाव डॅनॉस क्रिसिपस. त्याचा अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा जीवनक्रम जागच्या जागी, म्हणजे अळ्या डब्यात न कोंडता, पाहायचा आणि प्रत्येक निरीक्षण तारखेनिशी लिहून ठेवायचे, असे ठरले आहे.

विद्यार्थ्यांची पहिली पसंती अर्थातच ब्लू मॉर्मनला होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्यामुळे त्याचे चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु ते वेगाने आणि उंचावरून उडते, त्याची अंडी लिंबाच्या कुळातील झाडांवर शोधावी लागतात आणि आमच्या आवारात तशी झाडे नाहीत. नवशिक्या निरीक्षकाला संथ उडणारे, वारंवार दिसणारे आणि एकाच ओळखीच्या झाडाभोवती घोटाळणारे फुलपाखरू हवे. बिबळ्या कडवा या तिन्ही कसोट्यांना उतरतो. तो सर्वसामान्य आहे, हा माझ्या दृष्टीने त्याचा गुणच आहे, कारण दुर्मीळ प्राण्याविषयी फार तर ‘दिसला’ एवढे लिहिता येते. नेहमी दिसणाऱ्याचे वागणे मात्र बारकाईने टिपता येते.

झुडपांना क्रमांक दिले. आमच्या जागेतील रुई मोठ्या फुलांची आहे. तिच्या पाकळ्या फिकट जांभळ्या असून पूर्ण उमलल्यावर बाहेर वळतात. माण-खटावकडच्या कोरड्या भागात रुईची दुसरीही जात आढळते. तिच्या पाकळ्या उभ्या असतात आणि टोकाला गडद जांभळ्या असतात. बिबळ्या कडव्याला दोन्ही चालतात. पान जाड, पांढुरक्या लवेचे आणि तोडताच पांढरा चीक देणारे असते. या चिकात हृदयाच्या कार्यावर परिणाम करणारी कार्डेनोलाइड वर्गातील विषारी द्रव्ये असल्यामुळे शेळ्यासुद्धा सहसा रुईला तोंड लावत नाहीत. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून विद्यार्थ्यांपैकी कोणीही पान तोडायचे नाही आणि निरीक्षणानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज डोळ्यांना हात लावायचा नाही, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतला.

१४ जुलै, रविवार

सकाळी पावसाने दोन तास उघडीप दिली आणि तेवढ्यात प्रौढ फुलपाखरांचे वर्णन पूर्ण करता आले. पंखांचा विस्तार सुमारे सात ते आठ सेंटिमीटर असतो. वरच्या बाजूचा मुख्य रंग पिवळसर नारिंगी आहे. पुढच्या पंखांची टोके काळी असून त्या काळ्या भागातून पांढऱ्या ठिपक्यांचा तिरपा पट्टा जातो. मागच्या पंखांना काळी किनार आणि त्या किनारीत बारीक पांढरे ठिपके असतात. डोके आणि छाती काळीभोर असून त्यांच्यावरही पांढरे ठिपके आहेत. पाय चारच दिसतात. पुढची जोडी अगदी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते, आणि हे निम्फॅलिडी कुळाचे लक्षण आहे.

नर आणि मादी ओळखणे सोपे आहे. दोघांच्याही मागच्या पंखांच्या मध्यभागाजवळ तीन काळे ठिपके असतात, परंतु नराला त्यांच्या खाली आणखी एक, मधोमध पांढरट असलेला, किंचित फुगीर काळा ठिपका असतो. हा नुसता ठिपका नसून गंधद्रव्याशी संबंधित अशी छोटी पिशवी आहे. तिचे काम पुढे, कोरड्या दिवसांत, पाहायला मिळेल अशी अपेक्षा आहे.

उडण्याची पद्धत वेगळी नोंदवण्याजोगी आहे. इतर फुलपाखरे माणसाची सावली पडताच गडबडीने दूर जातात. बिबळ्या कडवा जमिनीपासून हातभर उंचीवरून, पंख सावकाश हलवत, जणू वेळच वेळ आहे अशा थाटात जातो. ही बेफिकिरी चिकातूनच येते. अळीने रुई खाऊन साठवलेले विष प्रौढाच्या शरीरात उतरते; त्याची चव एकदा घेतलेला पक्षी ठळक नारिंगी, काळी आणि पांढरी रंगसंगती लक्षात ठेवतो. उत्तर अमेरिकेतील मोनार्क या त्याच्याच गणातील फुलपाखरावर लिंकन ब्राउअर यांनी १९६० च्या दशकात प्रयोग केले, त्यांत अनुभव नसलेल्या ब्लू जे पक्ष्यांनी मोनार्क खाल्ल्यावर ओकाऱ्या काढल्या आणि नंतर त्या रंगाच्या फुलपाखराला चोच लावायचेही नाकारले. ज्याला ओळखले जाण्यात फायदा आहे, त्याने घाई करून धूसर दिसणे त्याच्याच तोट्याचे ठरेल.

या ठळकपणामुळेच बहुधा माणसाचेही त्याच्याकडे फार पूर्वी लक्ष गेले. लिनियसने त्याला १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिले, परंतु त्याच्याही कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व सुमारे १३५० च्या इजिप्तमधील नेबामुन याच्या थडग्यातील भित्तिचित्रात हे फुलपाखरू पाणथळीतील पक्ष्यांसोबत रंगवलेले आहे. ते चित्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून त्यातील पंखांची नक्षी आजही ओळखू येते.

२१ जुलै, रविवार

तिसऱ्या झुडपावर मादी अंडी घालताना सापडली. ती आधी झुडपाभोवती अगदी जवळून घिरट्या घालते, पानावर टेकते, पुढच्या आखूड पायांनी पानाच्या पृष्ठभागावर भराभर टिचक्या मारते आणि उडून जाते. त्या पायांवर चव ओळखणारी इंद्रिये असतात. म्हणजे हे पान रुईचेच आहे याची ती खात्री करून घेते. पसंत पडलेल्या पानाच्या कडेला धरून ती पोट खाली वळवते आणि पानाच्या पाठीला एकच अंडे चिकटवते. त्यानंतर ती पुढच्या पानाकडे किंवा पुढच्या झुडपाकडे जाते. एका पानावर दोन अंडी एकाच मादीने घातल्याचे आज दिसले नाही. अंडी विखरून घातल्यामुळे अळ्यांमध्ये अन्नासाठी ओढाताण होत नाही, आणि एखाद्या मुंगीला किंवा कोळ्याला एक अंडे सापडले तरी बाकीची वाचतात.

कोवळ्या शेंड्यांकडे मादीचा ओढा स्पष्ट दिसला. खालची जून पाने तिने पाहिलीसुद्धा नाहीत.

अंडे जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे, रुपेरी पांढरे, वर निमुळते आणि उभ्या कंगोऱ्यांनी भरलेले असते. लवदार पानाच्या पाठीवर ते साध्या डोळ्यांना सहज दिसत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. शेंड्यावर पिवळ्या माव्याची दाट वसाहत होती आणि तिच्यावर मुंग्यांची ये-जा चालू होती. मादीने ती डहाळी टाळली. मुंग्यांमुळे टाळली की जागा नव्हती म्हणून टाळली, हे एका निरीक्षणावरून सांगता येणार नाही; मावा असलेल्या आणि नसलेल्या डहाळ्यांवरील अंडी वेगळी मोजायची, असा रकाना तक्त्यात वाढवला आहे. निरीक्षणासाठी तिसऱ्या झुडपावरील हे एक अंडे निवडून पानाच्या देठाला लाल दोरा सैल बांधला.

२५ जुलै, गुरुवार

काल संध्याकाळी अंड्याचे टोक काळपट झाले होते. आतील अळीचे काळे डोके पातळ कवचातून दिसत होते. आज सकाळी शाळा भरण्यापूर्वी अळी बाहेर आलेली होती आणि ती स्वतःचे कवच खात होती. भिंगातून पाहता कवचाचा वरचा निम्मा भाग संपलेला होता. उरलेल्या भागाच्या कडेवर तिचे जबडे आडवे, एका लयीत हलत होते. वीस मिनिटांत पानाच्या लवेवर चिकाचा डाग राहावा एवढीही खूण उरली नाही. अळी सुमारे तीन मिलिमीटरची असून अंग करडे पांढुरके आणि डोके काळे आहे. पुढे जी लांब मऊ शिंगे येतात, त्यांच्या जागी सध्या फक्त बारीक उंचवटे आहेत.

२८ जुलै, रविवार

अळीने पहिली कात टाकली आहे. गेल्या तीन दिवसांत तिने जे केले ते मला या सबंध जीवनक्रमातील सर्वांत अवघड काम वाटते. चीक हे या अळीचे संरक्षण आहे, हे पुस्तकात चटकन लिहून टाकले जाते. परंतु तीन मिलिमीटरच्या अळीसाठी तोच चीक जीवघेणा सापळाही आहे. पानातील चीकनलिकांमध्ये तो दाबाखाली असतो. पान चावताच थेंब उसळून बाहेर येतो, हवेत लगेच घट्ट होतो आणि अळीचे तोंड त्यात चिकटून जाऊ शकते. पाचव्या झुडपावर अशी एक अळी चिकाच्या थेंबात डोके अडकून मेलेली सापडली.

आमच्या निवडलेल्या अळीने पानाच्या पाठीवर आधी लव कुरतडून जागा मोकळी केली, मग एका छोट्या वर्तुळाच्या कडेने हलके हलके चावे घेतले आणि प्रत्येक चाव्यानंतर डोके मागे घेऊन ते पानावर पुसले. वर्तुळ पूर्ण झाल्यावर त्याच्या आतील भागाकडे चीक यायचा थांबला आणि मग ती आतला भाग निवांत खाऊ लागली. पानाला त्या जागी भिंगातून दिसणारी गोल खिडकी तयार झाली आहे. तीन दिवसांच्या अळीला ही रीत कोणी शिकवलेली नाही, आणि ती तिला नीट साधली नाही तर दुसरी संधीही बहुधा मिळत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

अळी आता चौथ्या अवस्थेत आहे. एकूण पाच अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेच्या शेवटी कात टाकली जाते. अंगावर काळ्या आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची रांग असून पाठीच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत पिवळे ठिपके आहेत. डोके गुळगुळीत काळे असून त्यावर पांढऱ्या अर्धवर्तुळांची नक्षी आहे. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या वलयांवर काळ्या शिंगांच्या जोड्या आहेत. त्यांची मुळे गडद तांबडी आहेत. पुढची जोडी सर्वांत लांब असून अळी चालताना ती पुढे-मागे हलते. ही शिंगे मऊ असतात. त्यांनी टोचत नाही आणि खाजही सुटत नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागले, कारण अंगावर केस असलेल्या सुरवंटाची भीती त्यांनी या अळीलाही चिकटवली होती.

चीक थांबवण्याची पद्धत मोठ्या अळीत बदलते. आज तिने पान खाण्यापूर्वी पानाच्या देठाशी जाऊन मधली जाड शीर खालच्या बाजूने अर्धी कुरतडली. तेथून चिकाचे थेंब काही वेळ टपटप गळत राहिले आणि पुढचे पान हळूहळू खाली झुकले. त्यानंतर ती पानाच्या टोकाकडे गेली आणि कडेपासून आत खाऊ लागली. आता चाव्यातून चीक येत नव्हता. घरातला गळका नळ दुरुस्त करताना आधी मुख्य वाहिनीची चावी बंद करतात, तसाच हा प्रकार आहे. यामुळे अळ्या शोधणेही सोपे झाले: झुकलेले पान दिसले की त्याच्याखाली अळी असण्याची शक्यता बरीच असते.

मग तिच्या पोटात जाणाऱ्या विषाचे काय होते, हा प्रश्न वर्गात आला. कार्डेनोलाइडे प्राण्यांच्या पेशींतील सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणाऱ्या पंपाला अडवतात. हृदयाच्या स्नायूंना त्याचा फटका आधी बसतो. डॅनॉस गणातील फुलपाखरांमध्ये या पंपाच्या प्रथिनाच्या रचनेत असे बदल झालेले आहेत की विषाला तेथे घट्ट पकड मिळत नाही. म्हणून चिकाचे रसायन तिला पचते, अडचण होते ती त्याच्या चिकटपणाची. रुईच्या याच झुडपांवर पिवळ्या-निळ्या रंगाचा नाकतोडाही राहतो. तोही रुईच खातो आणि तोही तितकाच भडक आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

श्रावणातला पहिला शनिवार. सकाळी सहा वाजता पडीक जागेत पोहोचले, तेव्हा मारुतीच्या हारासाठी रुईची पाने तोडणारी मंडळी आधीच आलेली होती. एक आजी नेहमी येतात. त्यांना लाल दोऱ्याचे पान तेवढे सोडायला सांगितले, तर त्या म्हणाल्या, “अहो बाई, दोऱ्याचं कशाला सांगता? किडीनं खाल्लेलं पान मी घेतच नाही. देवाला धड पान लागतं.” त्यांच्या परडीतील पाने त्यांनी भिंगाखाली पाहू दिली. सगळी मध्यम आकाराची, कडा शाबूत असलेली होती आणि त्यांच्यापैकी काहींच्या पाठीवर अंडी होती.

याचा अर्थ असा की, शनिवारच्या तोडणीतून अळ्या जवळजवळ पूर्णपणे सुटतात, कारण अळी असलेले पान खाल्लेले असते. तोटा होतो तो अंड्यांचा. आजींना अंडी दाखवल्यावर त्यांनी भिंग बराच वेळ हातात धरून ठेवले आणि “हे आमच्या डोळ्यांना कुठलं दिसायचं” असे म्हटले. नंतर त्यांनी आपण होऊन सुचवले की शेंड्याकडची चार पाने सोडून खालची तोडली तर हारही होईल. मादी कोवळ्या पानांनाच पसंती देते, हे पाहता सूचना अगदी योग्य आहे. तक्त्यात शनिवारचा वेगळा रकाना केला.

निवडलेली अळी काल दुपारपासून खायची थांबली होती. लांबी सुमारे चार सेंटिमीटर. ती रुई सोडून दोन हातांवरच्या कुंपणाच्या तारेकडे गेली, तेथे तिने रेशमाची छोटी गादी विणली, मागचे पाय तीत अडकवले आणि डोके खाली करून लोंबकळली. रात्रभर पाऊस होता तरी ती जागची हलली नाही.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी पावणेआठच्या सुमारास लांब शिंगे ढिली पडून मुरगळल्यासारखी दिसू लागली. कात लवकरच फुटणार याची ही खूण आहे. थोड्याच वेळात मानेमागे कातडी उकलली आणि आतून ओला, हिरवा कोष दिसू लागला. अळी अंग आवळत आणि सैल सोडत कात वरच्या टोकाकडे ढकलत राहिली. सर्वांत नाजूक क्षण शेवटचा असतो: जुन्या कातीच्या आधाराने लटकत असतानाच कोषाचे काळे टोक बाहेर काढून ते रेशमाच्या गादीत रोवावे लागते. त्या टोकावर बारीक आकडे असतात. आकडे अडकल्यावर कोषाने जोरजोरात गोल झटके दिले आणि काळी, चुरगळलेली कात खाली पडली.

दुपारपर्यंत कोष आक्रसून गुळगुळीत झाला. रंग पोपटी असून पोटाच्या बाजूच्या रुंद भागावर सोनेरी आणि काळी किनार आहे. इतरत्र सोनेरी ठिपके आहेत. याच फुलपाखराचा कोष फिकट गुलाबी तपकिरीही असतो आणि आजूबाजूच्या पृष्ठभागाचा त्यावर परिणाम होतो. आठव्या झुडपाजवळ वाळक्या काटकीवर टांगलेला कोष तसाच गुलाबी आहे, दगडाच्या कडेचाही गुलाबीच. तारेवरचा मात्र हिरवा निघाला, कारण तारेभोवती गवत आणि वेल होते असे मला वाटते.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर सर्व कोष तपासले. गुलाबी कोषाच्या एका बाजूला तपकिरी डाग पडला होता आणि त्याच्या खालच्या टोकातून एक चकचकीत, चिकट धागा लोंबत होता. त्या धाग्यावरून पांढरी, पाय नसलेली अळी खाली घसरत आली, पालापाचोळ्यात पडली आणि मातीत शिरली. ही टॅकिनिड कुळातील परजीवी माशीची संतती. माशीचे पिल्लू जिवंत अळीच्या शरीरात वाढते, अळीला कोष करू देते आणि मगच बाहेर पडते. बाहेरून कोष जवळजवळ धड दिसतो.

विद्यार्थ्यांपैकी काहींना हे पाहून वाईट वाटले. तरीही ही नोंद जीवनक्रमाच्या तक्त्यात घेतलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. पाठ्यपुस्तकातील चार चित्रांच्या वर्तुळात प्रत्येक अंड्याचे फुलपाखरू होते. आमच्या झुडपांवर बहुसंख्य अंड्यांचे होत नाही. चिकाचे विष पक्ष्यांना दूर ठेवते, पण परजीवी माशी, गांधीलमाशी आणि खेकडा कोळी यांच्यापुढे त्याचे फारसे चालत नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

काल संध्याकाळी तारेवरचा कोष गडद झाला आणि पातळ कवचातून नारिंगी पंखांवरचा पांढरा पट्टा दिसू लागला. आज सव्वासात वाजता कवच खालच्या बाजूने फाटले. फुलपाखरू अर्ध्या मिनिटात बाहेर आले आणि रिकाम्या कवचाला धरून लटकले. पंख बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि चुरगळलेले होते, पोट मात्र फुगलेले. पोटातील द्रव पंखांच्या शिरांत ढकलला जाऊ लागला तसे पंख उलगडत गेले. सोंडेचे दोन वेगळे अर्धे भाग ते पुन्हा पुन्हा गुंडाळून आणि सोडून एकत्र जोडत होते. दहा-पंधरा मिनिटांत पंख पूर्ण आकाराचे झाले. मग त्याने तांबूस तपकिरी द्रवाचे काही थेंब टाकले. हे रक्त नसून कोषावस्थेत साठलेले उत्सर्जित द्रव्य आहे. मागच्या पंखावर चौथा ठिपका नाही, म्हणजे मादी. पावणेदहाला ती पहिल्यांदा उडाली आणि घाणेरीच्या फुलावर बसली.

अंडे चार दिवस, अळी सतरा, कोष दहा. साताऱ्याच्या पावसाळी गारव्यात एवढा काळ लागणे अपेक्षितच आहे. उन्हाळ्यात हाच क्रम लवकर आटोपतो.

३ सप्टेंबर, मंगळवार

गणेशोत्सवापूर्वीच्या साफसफाईत पडीक जागेतील निम्मी रुई बुंध्यापाशी तोडली गेली. तोडलेल्या फांद्यांवरच्या मोठ्या अळ्या उरलेल्या झुडपांवर हलवल्या. लहान अळ्या आणि अंडी वाळत्या पानांबरोबर गेली. कुंपणालगतची झुडपे राखण्याची विनंती मुख्याध्यापकांमार्फत लेखी दिली आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

तोडलेल्या बुंध्यांना जोमदार कोंब फुटले आहेत आणि उभ्या झुडपांपेक्षा या कोंबांवर अंडी जास्त आहेत. मादीला कोवळी पाने हवी असतात, हे पाहता यात नवल नाही. म्हणून पुढच्या वर्षी दोन झुडपे जूनमध्ये आणि दोन ऑगस्टमध्ये आम्हीच आळीपाळीने छाटावीत, असा प्रस्ताव आहे. अंडी आणि अळ्या असलेल्या दिवसांत सगळी एकदम तोडणे आणि थोडी थोडी छाटणे यांत फार मोठा फरक आहे.

ऊन पडू लागल्यामुळे नरांचे एक वेगळे वागणे दिसले. ओढ्याकाठी भुरुंडीची काही झाडे उपटून पडली होती. त्यांच्या वाळत्या देठांवर बिबळ्या कडव्याचे नर दाटीने बसले होते. तेथे फुले नव्हती, मध नव्हता. नर सोंडेने वाळलेल्या पृष्ठभागावर थेंब सोडत आणि तो पुन्हा शोषून घेत होते. मादी एकही नव्हती. भुरुंडी आणि खुळखुळा या वनस्पतींत पायरोलिझिडीन अल्कलॉइडे ही विषारी रसायने असतात. नर ती गोळा करून त्यांच्यापासून मादीला आकर्षित करणारे गंधद्रव्य तयार करतो. त्याच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन झुबके दडलेले असतात आणि मागच्या पंखावरची ती चौथी काळी पिशवी त्यांच्याच उपयोगाची असते: नर हे झुबके पिशवीत खुपसतो. या दोन्हींचा असा संपर्क झाल्याखेरीज गंधद्रव्य नीट बनत नाही, हे जर्मन संशोधक मायकेल बोप्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याच जातीवर दाखवून दिले. म्हणजे अळीपणी रुईचे विष आणि तारुण्यात भुरुंडीचे, असा नराचा दुहेरी व्यवहार असतो. रुई वाचवली आणि ओढ्याकाठचे सगळे तण उपटले, तर काम अर्धेच होईल.

दुपारी एका कोतवाल पक्ष्याने उडता नर पकडला आणि तारेवर बसताच सोडून दिला. फुलपाखरू जमिनीवर पाय दुमडून निपचित पडले. मुलांनी मेले असे म्हणेपर्यंत ते उठून त्याच संथ गतीने निघून गेले. मागच्या पंखावर चोचीच्या आकाराचा तुकडा उडालेला दिसत होता. या फुलपाखरांचे कातडे आणि पंख चिवट असतात, त्यामुळे चव घेऊन सोडून दिलेले फुलपाखरू बहुधा जिवंत राहते.

६ ऑक्टोबर, रविवार

आज एका विद्यार्थिनीने वेगळे फुलपाखरू बरोबर हेरले. रंग, काळे टोक, पांढरा तिरपा पट्टा, सगळे बिबळ्या कडव्याचे. परंतु मागच्या पंखावर मध्यभागातील तीन ठिपके नव्हते, पुढच्या कडेला एकच होता, आणि पंखांच्या कडा किंचित दंतुर होत्या. ही डॅनाइड एगफ्लायची मादी. तिची अळी घोळीच्या भाजीसारख्या वनस्पती खाते, तिच्यात रुईचे विष नसते. ती केवळ वेश घेऊन वावरते. तिचा नर मुळीच तसा नसतो. त्याचे पंख काळे असतात आणि त्यांच्यावर जांभळी झाक असलेले पांढरे मोठे ठिपके असतात. अशा नकलेचे स्पष्टीकरण इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये मांडले.

नक्कल किती नेमकी असू शकते याचे उदाहरण आफ्रिकेत आहे. तेथे बिबळ्या कडव्याचे असे रूप आढळते ज्याच्या पुढच्या पंखांवर काळे-पांढरे टोक नसतेच, आणि डॅनाइड एगफ्लायच्या माद्यांतही नेमके तसेच, टोक नसलेले रूप सापडते. नैरोबीच्या परिसरात बिबळ्या कडव्याची रूपे एकत्र मिसळतात, आणि तेथील काही माद्यांच्या शरीरातील एक जीवाणू त्यांची नर संतती मारून टाकतो, त्यामुळे त्यांच्या अंड्यांतून फक्त माद्या निघतात. विद्यार्थ्यांनी आपल्याकडचे प्रमाण तपासायचे सुचवले. आमच्या नोंदींत नर आणि माद्या दोन्ही भरपूर आहेत. तेवढ्यावर थांबणे योग्य होईल.

एका गोष्टीबाबत वर्गातील मांडणी सुधारावी लागेल. प्रत्येक बिबळ्या कडवा सारखाच विषारी असतो, असे नाही. संशोधकांना काही फुलपाखरांत कार्डेनोलाइडे फारच थोडी आढळली आहेत. अळीने कोणत्या जातीची वनस्पती खाल्ली आणि त्या झाडात विष किती होते यावर ते अवलंबून असते. तेव्हा कमी विषारी बिबळ्या कडवासुद्धा, एका अर्थी, आपल्याच जास्त विषारी भाऊबंदांच्या नावावर जगत असतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

रात्री थंडी वाढली आहे. फुलपाखरे आता नऊनंतरच उडू लागतात आणि त्याआधी पंख पसरून उन्हाला बसलेली दिसतात. ४ नोव्हेंबरला तयार झालेला कोष आज तेराव्या दिवशी गडद झाला. ऑगस्टच्या मानाने विकास मंदावला आहे, हे उघड आहे.

आठवीच्या चाचणी परीक्षेमुळे उद्यापासून निरीक्षण सातवीच्या गटाकडे जाईल. त्यांनी सकाळी साडेसातला झुडपाजवळचे तापमान लिहायचे आहे, अंडी फक्त छाटलेल्या बुंध्यांवर आणि सहाव्या झुडपावर मोजायची आहेत, आणि परजीवी माशीचा धागा दिसलेला कोष काढून टाकायचा नाही. शनिवारचा रकाना श्रावण संपला तरी चालू ठेवायचा आहे. आजी दर शनिवारी येतात आणि शेंड्याची पाने सोडतात का, हे त्यांना न विचारता पानांच्या देठांवरून पाहायचे आहे.